तापीच्या खोऱ्यात राहून जहाज काढायचं तर

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर उंच आणि अरुंद शीड, नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर काढलेला डोळा, मागच्या अंगाला सुकाणूचं काम करणारी वल्ही आणि वर ओळीनं मांडलेले रांजण. पाचव्या-सहाव्या शतकातलं हे काम. लेण्यांच्या पायथ्याची वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात उतरून तापीला मिळते. म्हणजे आपल्या देशातल्या जुन्या जहाजचित्रांपैकी इतकं बोलकं चित्र तापीच्याच पाणलोटात आहे, समुद्रापासून सुमारे ३०० किलोमीटर आत.

खानदेशात राहून ज्यांना जहाजं काढायची आहेत किंवा समुद्रावर लिहायचं आहे, त्यांनी सुरुवात इथून करावी. जहाज कशानं चालतं, कशानं वळतं आणि काय वाहून नेतं, या तिन्ही गोष्टी त्या चित्रकारानं एका छोट्या जागेत सांगून टाकल्या आहेत. शीड, वल्हं, रांजण. आज काढल्या जाणाऱ्या बहुतेक जहाजचित्रांत लाटा सुंदर असतात, ढग सुंदर असतात, आणि सुकाणू कुठे आहे ते मात्र सापडत नाही. सतराव्या लेण्यात लंकेवर स्वारी करणाऱ्या सिंहलाच्या कथेत घोडे आणि हत्ती नावांतून उतरताना दिसतात, तेही पाहावं. नावेच्या मानानं हत्ती किती मोठा काढलाय ते बघा. चित्रकारानं तिथं कथेला महत्त्व दिलं, मापाला नाही, हे लगेच कळतं.

या चित्रांच्या नकलांचा इतिहास खानदेशाशी जोडलेला आहे. रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठ्या नकला करत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीला लागलेल्या आगीत जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला करत राहिले आणि त्यातल्याही बऱ्याच लंडनमध्येच आगीत गेल्या. नोंद करणाऱ्यानं यातून एक सवय लावून घ्यावी: मूळ वही एका घरात, तिची प्रत दुसऱ्या घरात. आज फोनवर फोटो काढायला मिनिट लागतं. पानाशेजारी फूटपट्टी ठेवूनच फोटो घ्या, नाहीतर पुढे माप काढता येत नाही.

समुद्रावर लिहिणारा आणि चित्र काढणारा माणूस एकच असावा, असं माझं ठाम मत आहे. याचं सगळ्यात भक्कम उदाहरण म्हणजे फ्रान्स्वा-एदमों पारी. जन्म १८०६, मृत्यू १८९३. फ्रेंच नौदलातला अधिकारी, पुढे व्हाइस ॲडमिरल. ‘ॲस्ट्रोलाब’, ‘फावोरित’ आणि ‘आर्तेमिझ’ या जहाजांवरून १८२६ ते १८४० या काळात त्यानं तीनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. प्रत्येक बंदरात त्याचे सहकारी किल्ले आणि देवळं बघायला जात असतील, पारी मात्र किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या स्थानिक होड्यांची मापं घेत बसे. युरोपाबाहेरच्या लोकांची नौकाबांधणी या विषयावरचा त्याचा ग्रंथ १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाला. त्यात शंभरावर मोठे चित्रफलक आहेत आणि त्यांच्यासोबत सविस्तर मजकूर. यंत्राच्या अपघातात त्याचा डावा हात गेला, तरी काम थांबलं नाही. १८७१ पासून पॅरिसच्या लूव्रमधलं नौकासंग्रहालय त्याच्याकडे होतं, आणि आपल्याच आराखड्यांवरून त्यानं तिथे प्रतिकृती करवून घेतल्या. मापं चोख असल्यामुळेच ते जमलं. नुसत्या देखण्या चित्रावरून सुताराला प्रतिकृती करता येत नाही.

पारीनं आपल्याकडच्या होड्याही काढल्या. मद्रासच्या किनाऱ्यावरची मसुला घ्या. फळ्या काथ्यानं शिवलेल्या, खिळा नाही, आत बरगड्या नाहीत. उथळ किनाऱ्यावर लाटेनं आपटली की ती लवते, फुटत नाही. पश्चिम किनाऱ्यावरची पत्तेमारी, म्हणजे शिडाचं मालवाहू जहाज, तर नवख्या चित्रकाराला हमखास फसवते. तिची कील, म्हणजे तळाचा लांब कणा, मध्ये किंचित वर उचललेली असे, नाळ लांब पुढे गेलेली, आणि डोलकाठ्या पुढच्या बाजूला कललेल्या. युरोपी जहाजं बघून हात बसलेला माणूस सवयीनं कील सरळ काढतो आणि डोलकाठ्या मागे झुकवतो. पारीला सवयीपेक्षा टेप जास्त विश्वासाचा वाटला, आणि आज ती जहाजं गेल्यावर आपल्या हातात त्याची मापं आहेत.

हेच काम तापीवर आणि नर्मदेवर करता येतं. हतनूर, सारंगखेडा, प्रकाशा इथे अडवलेल्या पाण्यावर मासेमारीच्या नावा असतात. अक्कलकुवा आणि धडगावकडे नर्मदेच्या फुगवट्यात बोट म्हणजे रोजचं वाहन आहे. लाकडी नाव कमी होत चालली आहे, पत्र्याची आणि फायबरची वाढते आहे. म्हणून लाकडी दिसली की आधी तिचं माप घ्यावं, चित्र नंतर.

हंगाम एप्रिल-मे. पाणी उतरतं, नावा कोरड्या गाळावर उभ्या राहतात, खालून-वरून सगळं दिसतं. डागडुजीही याच दिवसांत चालते, त्यामुळे फळ्यांच्या सांध्यात काय भरलंय ते उघडं पडलेलं असतं. कापूस, राळ, डांबर, जे असेल ते नोंदवा. पावसाळ्यात या कामाला जाऊच नये. धरणाचे दरवाजे उघडले की पाणी चढायला वेळ लागत नाही. भोंगा वाजला तर सामान सोडून वर यायचं.

सामान गवंड्याकडचंच पुरतं: ओळंबा, लाईनदोरी, गुण्या, पाण्याची पारदर्शक लेव्हलची नळी, ५ मीटरचा स्टीलचा टेप, २ मीटर लांबीची सरळ पट्टी, खडू, आणि दोन माणसं. एकट्यानं माप घेतलं की टेपचं दुसरं टोक सरकतं आणि ते घरी आल्यावर कळतं.

समजा नाव ६ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद आहे. आधी ती सरळ उभी आहे का ते पाहायचं. दोन्ही काठांना लेव्हलची नळी लावा. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी खोटी दाखवते, म्हणून नळी टिचक्या मारून हवा काढा. नाव ५ अंश जरी कललेली असली तरी १.५ मीटर रुंदीत दोन काठांच्या उंचीत १३ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि मग सगळी मापं वाकडी येतात. मालकाला विचारून एका बाजूला दगड-लाकडाचा टेकू द्या. विचारल्याशिवाय नावेला हात लावू नये. ती कुणाची तरी रोजीरोटी आहे.

नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मधोमध लाईनदोरी ताणायची. ही दोरी मधली सरळ रेषा दाखवते, उंची मोजायला ती वापरायची नाही, कारण कितीही ताणली तरी ती मध्ये थोडी लोंबते. उंचीला लेव्हलची नळीच. दोरीवर दर ५० सेंटिमीटरला खूण करा. टोकं धरून १३ खुणा होतील. प्रत्येक खुणेवर २ मीटरची पट्टी काठांवर आडवी टाका, तिचा मध्य दोरीवर आणा आणि पट्टीच्या टोकाला ओळंबा सोडा. आता ओळंब्याची दोरी मध्यापासून बरोबर १००० मिलिमीटरवर आहे. तिच्यापासून नावेच्या अंगापर्यंत आडवं अंतर ३८० आलं, तर त्या उंचीला अर्धी रुंदी ६२०. दर १० सेंटिमीटर उंचीला असं माप घेत खाली जायचं. दुपारच्या वाऱ्यात ओळंबा हलतो. त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवलं की तो स्थिर होतो.

एक बाजू पूर्ण मोजायची, दुसऱ्या बाजूची तीन-चार मापं पडताळ्याला. जुनी नाव बहुधा थोडी पिळलेली असते. दोन बाजू जुळल्या नाहीत तर सरासरी काढू नका, दोन्ही मापं लिहा.

आकड्यांचा घोळ होतो तो एककात. सुतार इंच-सूतात बोलतो. ८ सूत म्हणजे १ इंच, १ सूत म्हणजे जवळपास ३.२ मिलिमीटर. फळीची जाडी त्यानं ‘पाऊण इंच’ सांगितली तर वहीत तसंच लिहा आणि शेजारी मोजलेले मिलिमीटर लिहा. जागेवर मनातल्या मनात रूपांतर केलं की चूक आत शिरते आणि मूळ आकडा हरवतो.

घरी आल्यावर १:२० प्रमाण धरा. ६ मीटरची नाव ३० सेंटिमीटरची होते आणि ए-३ कागदावर बाजूनं काढलेली आकृती नीट बसते. बाजूची आकृती, वरून दिसणारी आकृती आणि आडवे छेद, अशा तीन आकृत्या लागतात. बिंदू टाकून झाले की वक्ररेषा हातानं ओढू नका. बांबूची २-३ मिलिमीटर जाडीची एकसारखी तासलेली पट्टी बिंदूंवरून वाकवा, जड वजनांनी धरून ठेवा आणि तिच्या कडेनं रेघ मारा. एखादा बिंदू रेघेबाहेर राहिला तर दोनच शक्यता: माप चुकलं, किंवा नाव तिथे खरंच दबलेली आहे. पुन्हा जाऊन बघेपर्यंत तो बिंदू खोडायचा नाही. हौशी माणसाचा आराखडा इथेच बिघडतो. रेघ देखणी व्हावी म्हणून तो नावेचा जुना मार, दुरुस्ती, फुगलेली फळी पुसून टाकतो, आणि मग कागदावर जी नाव राहते ती कुठेच नसते.

आराखड्यावरून एक हिशोब जरूर करा. पाण्याच्या पातळीला नावेचं क्षेत्रफळ ढोबळमानानं लांबी गुणिले रुंदी गुणिले ०.७ धरलं तर ६ × १.५ × ०.७ म्हणजे ६.३ चौरस मीटर. नदीचं १ घनमीटर पाणी १००० किलो. म्हणजे नाव १ सेंटिमीटर बुडायला ६३ किलो लागतात, साधारण एक माणूस. दहा माणसं बसली की नाव दहा सेंटिमीटर खाली जाते. चित्रात दहा माणसं बसवून पाण्याची रेघ रिकाम्या नावेइतकी ठेवली, तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण नाव हवेत तरंगतेय असं वाटत राहील. लिहिणाऱ्यालाही हा आकडा उपयोगी. ‘खचाखच भरलेली नाव’ लिहिण्याऐवजी काठ पाण्यापासून चार बोटं उरला होता असं लिहिता येतं, आणि ते हिशोबात बसतं. समुद्राचं पाणी नदीच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे तेच जहाज खाडीतून गोड्या पाण्यात आलं की किंचित जास्त बुडतं.

आता क्षितिज. इथे नदीकाठी शिकणाऱ्यांची एक खास चूक होते. समुद्रावर क्षितिज नेहमी डोळ्याच्या उंचीला असतं. डोळा पाण्यापासून १.६ मीटरवर असेल तर क्षितिजाची रेघ जवळच्या-लांबच्या प्रत्येक होडीला तिच्या पाण्याच्या रेघेपासून १.६ मीटर उंचीवरच कापते. होडी लहान दिसो की मोठी, हा नियम बदलत नाही. (त्या उंचीवरून क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर, १० मीटर उंचीवरून सुमारे ११ किलोमीटरवर.) तापीवर मात्र समोर दिसते ती पलीकडच्या काठाची रेघ, आणि तिलाच क्षितिज समजून लोक नावा तिच्यावर बेततात. तापीचे काठ उंच मातीचे, घळींनी चिरलेले. तुम्ही पाण्यापासून १० मीटर वर बसला आहात, समोरचा काठ ५०० मीटरवर आहे आणि कागद डोळ्यापासून ५० सेंटिमीटरवर, तर पलीकडची पाण्याची रेघ क्षितिजाच्या १ सेंटिमीटर खाली येते. मधोमध २५० मीटरवरच्या नावेची पाण्याची रेघ २ सेंटिमीटर खाली. हे सेंटिमीटर चुकले की नदी उतारावर ठेवलेल्या ताटासारखी दिसते. कागदावर काम सुरू करताना डोळ्याच्या पातळीची हलकी रेघ आधी ओढा, ती झाडांच्या मागे लपणार असली तरी.

प्रतिबिंबाबाबत थोडक्यात. प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी नक्कल नव्हे. पाणी नावेकडे खालून बघतं, त्यामुळे तुम्हाला न दिसणारी काठाची खालची बाजू प्रतिबिंबात दिसते. तुमच्याकडे झुकलेल्या काठीचं प्रतिबिंब काठीपेक्षा लांब, पलीकडे झुकलेल्या काठीचं आखूड. काळ्या वस्तूचं प्रतिबिंब थोडं फिकट, पांढऱ्याचं थोडं गडद. आणि पुराच्या गढूळ पाण्यावर नावेची सावली स्पष्ट पडते, हिवाळ्यातल्या नितळ पाण्यावर ती जवळपास दिसत नाही. सावली आणि प्रतिबिंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्या दिशाही वेगळ्या असतात.

रंगकामाला खानदेशाचा उन्हाळा अवघड. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ ला भिडतो तेव्हा जलरंगाचा मोठा हात अर्ध्यावरच सुकतो आणि आकाशात कडक कडा उमटतात. ३०० जीएसएमचा सुती कागद घ्या, मागून पूर्ण भिजवून ॲक्रिलिकच्या पत्र्यावर चिकटवा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाका, आणि काम सकाळी ९ च्या आत संपवा. ग्लिसरीन जास्त झालं तर रंग दिवसभर चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. बोअरचं जड पाणी टाळावं, त्यात काही रंग दाणेदार फुटतात. टाकाची पक्की शाई उन्हात निबवर गोठते, तेव्हा ती डिस्टिल्ड वॉटरनं थोडी पातळ करावी. खरं सांगायचं तर काठावर मापं, रेखाटन आणि रंगांच्या नोंदी एवढंच करावं, रंग घरी लावावेत. सतराव्या शतकातले डच चित्रकार, विलेम फान द फेल्दे बापलेक, असंच काम वाटून घेत. बाप लहान जहाजातून आरमारामागे जाऊन लढाईतच रेखाटनं करी, १६६६ च्या चार दिवसांच्या लढाईतही तो हजर होता. १६७४ मध्ये इंग्लंडच्या राजानं दोघांना वर्षाला प्रत्येकी १०० पौंड लावून दिले ते बापाला रेखाटनांसाठी आणि मुलाला त्यांत रंग भरण्यासाठी.

शिडाचं जहाज काढताना वारा एकच ठेवा. शीड, झेंडा, धूर, लाटांचा रोख, सगळं त्याच वाऱ्याचं. मागून वारा घेऊन चाललेल्या जहाजाचा झेंडा पुढे फडकतो. तो मागे फडकवण्याची चूक पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरसुद्धा दिसते. आडव्या परबाणांचं, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या लाकडांना शिडं बांधलेलं जहाज वाऱ्याच्या तोंडाशी सुमारे ६७ अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही, उभ्या शिडांचं साधारण ४५ अंशांपर्यंत जातं. गोष्टीत जहाज थेट समोरच्या वाऱ्यात शिरलं तर दर्यावर्दी वाचक पुस्तक मिटतो. इंग्रज चित्रकार टर्नरनं ‘टेमेरेअर’ या युद्धनौकेच्या चित्रात तिला डोलकाठ्यांसह आणि एकाच ओढबोटीमागे दाखवलं. प्रत्यक्षात १८३८ मध्ये ती मोडायला नेली तेव्हा डोलकाठ्या काढलेल्या होत्या आणि ओढबोटी दोन होत्या. असा बदल माहीत असूनच करावा. आधी माहीत करून घ्यावं, बदलाचा हक्क त्यानंतर येतो.

शेवटी शब्दांचं काम, आणि ते मापाइतकंच नेटानं करावं. प्रत्येक रेखाटनाशेजारी तारीख, वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, ऊन कुठून येतंय, पाण्याची पातळी लिहा. नावेच्या भागांची नावं भोई किंवा कोळी माणसाच्या तोंडून येतील तशीच देवनागरीत उतरवा. तो ज्याला एका शब्दात ओळखतो त्याला कोकणातला किंवा शब्दकोशातला शब्द परस्पर लावू नका. अहिराणीत उच्चार बदलत असेल तर तो बदललेला उच्चारच लिहा, गावाचं नाव घालून. एकाच भागाला प्रकाशाला एक आणि हतनूरला दुसरा शब्द मिळाला तर दोन्ही ठेवा. ‘याला काय म्हणतात’ असं विचारण्यापेक्षा ‘हे तुटलं तर सुताराला काय सांगाल, दादा?’ असं विचारलं की खरा वापरातला शब्द येतो.

आराखडा पूर्ण झाल्यावर तो घेऊन नावेच्या मालकाकडे परत जा. कागद त्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. तो बोट ठेवून सांगेल, ही दोरी इथून येत नाही, खालून येते. ती तिथेच, त्याच्यासमोर दुरुस्त करा, आणि जुन्या तारखेखाली नवी तारीख टाका.